पंचाहत्तरवाले साळवे

साळवे कुणाच्याही घरी गेले की पाण्याच्या आधी लॅपटॉप मागतात.

पाण्याचा पेला पुढे केला तर तो घेतात, टीपॉयवर ठेवतात आणि म्हणतात, "आहे ना? आणा." काय आहे आणि काय आणा, हे आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीत आता कुणी विचारत नाही. लॅपटॉप आला की ते तो मांडीवर घेत नाहीत. टेबलावर सरळ ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात, पडद्यावरची कुठलीतरी खिडकी बोटानं धरतात आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत बसतात. मान जराशी तिरकी. तंबोरा जुळवणारा माणूस कान देतो तसे हे डोळे देतात. मग यजमानाकडे न बघता निदान सांगतात.

"अडखळतंय."

आणि लगेच मान वळवून, "दिसतंय ना तुम्हाला? खरं सांगा हं."

या "खरं सांगा हं"नं माझा घात केला.

मी मुळात कमी बोलणारा. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात फायलींवर शेरे लिहितो आणि घरी आलो की तेवढंही बोलत नाही. माझ्या "हो"चा अर्थ "हा विषय इथं संपवू या" असा असतो. ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मीनाला, म्हणजे माझ्या बायकोला, लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. साळव्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या मजल्यावरचे श्रीवास्तव सरळ म्हणाले होते, "भाईसाहब, मुझे तो बिल्कुल ठीक लग रहा है." समोरच्या नायरबाईंनी दारातूनच परतवलं होतं. मी मात्र खिडकी इकडून तिकडे जाताना बघितली, मला ती इकडून तिकडे जाताना दिसली, आणि मी म्हणालो, "हो."

साळवे खुर्चीत मागे रेलले. "शेवटी एक तरी डोळेवाला माणूस भेटला," ते म्हणाले.

त्या दिवसापासून हा गृहस्थ माझ्या मानगुटीवर बसला.

साळवे मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती, आणि सगळी नोकरी मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात. पहाटे कंपनीची बस पकडायची, दिवसभर लोखंडाचे तुकडे गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघायचे आणि "पास" किंवा "रिजेक्ट" म्हणायचं. निवृत्त झाले, पण ते दोन शब्द कारखान्यात ठेवून यायला विसरले. सोसायटीची लिफ्ट रिजेक्ट. महाराष्ट्र मंडळाचे मोदक पास, पण सारण रिजेक्ट. नाताळात घरच्या करंज्या घेऊन आले तेव्हा डबा उघडून मीनाला म्हणाले, "या वरच्या दोन रिजेक्ट आहेत, मीनाताई. त्या तुम्ही दोघं खा. पाहुण्यांपुढे ठेवू नका."

मीना नंतर म्हणाली, "आपण दोघं कोण मग? भंगारवाले?"

त्यांचं लॅपटॉपबद्दलचं म्हणणं मला इतक्यांदा ऐकावं लागलंय की मी ते झोपेतही सांगेन. पडद्यावर दिसतं ते एक चित्र नव्हे. सेकंदाला साठ वेळा पुसून पुन्हा काढलेलं चित्र आहे. एक चित्र संपून पुढचं सुरू होईपर्यंत कंपनीनं पडद्याला थोडी विश्रांती ठेवली आहे. जुन्या, पोट सुटलेल्या टीव्हीला ती लागायची. आताच्या सपाट पडद्याला तेवढी लागत नाही, तरी चालू आहे.

"मानेसरला चहाची सुट्टी असायची ना, तशी," साळवे म्हणाले. "चहा आता जागेवर मिळतो, सुट्टी मात्र तेवढीच. ती कापायची. वाचलेल्या वेळात जास्त चित्रं बसवायची. साठची करायची पंचाहत्तर."

ते एक छोटा प्रोग्रॅम उघडून त्यात आकडे भरत. पडद्याची रुंदी, उंची, आणि त्या विश्रांतीचे हिशेब. त्यात "पुढचा पोर्च" आणि "मागचा पोर्च" असे दोन रकाने होते. आमच्या फ्लॅटला टॉवेल वाळत घालण्यापुरती एक बाल्कनी, आणि या लॅपटॉपला दोन दोन पोर्च. त्यातला मागचा साळवे एकेक ओळ करून छाटत होते, आणि दर ओळीला मला विचारत होते.

"आता? खरं सांगा हं."

"हो."

"हो म्हणजे अडखळतंय की हो म्हणजे सुधारलं?"

इथं मी पहिल्यांदा घसरलो. "सुधारलं," म्हणालो. साळव्यांचा चेहरा असा उजळला की मला आणखी काहीतरी म्हणणं भाग पडलं. "बरंच," म्हणालो. त्यानंतरच्या आठवड्यात मी "लोण्यासारखं" असा शब्द वापरला. कमी बोलणारा माणूस एकदा खोटं बोलायला लागला की किती बोलतो, हे माझं मलाच नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर साळव्यांचा संदेश. "ज्यांना आपला पडदा करून घ्यायचा असेल त्यांनी संपर्क साधावा. विनामूल्य. दिघेसाहेबांनी पास केले आहे."

दिघेसाहेब म्हणजे मी.

पुढे त्यांनी फोटोची परीक्षा काढली. पडद्यावर एक पांढरा चौकोन एका घरातून पुढच्या घरात पळत राहतो, आणि फोनच्या कॅमेऱ्याची उघडझाप सावकाश ठेवून त्याचा फोटो काढायचा. फोटोत घरं सलग उजळलेली दिसली तर पास. मधलं एखादं काळं राहिलं तर पडदा चित्रं गिळतोय. "पडदा कधीकधी खोटं बोलतो, दिघे," ते मला समजावून सांगत. "वर लिहितो पंचाहत्तर आणि दाखवतो साठच. असा फोटोत पकडायचा."

मी घाईनं विचारलं, "मग फोटोच पुरे की. मी कशाला?"

"फोटो सांगतो, चित्रं गळत नाहीत. डोळ्याला कसं वाटतं ते फोटो सांगत नाही. त्याला माणूसच पाहिजे." मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "हे सगळे लॅपटॉप म्हणजे तालीम आहे. खरं काम ग्रेसच्या लॅपटॉपवर आहे. तिथं मला एकदाच करायचंय, आणि ते चुकून चालणार नाही. म्हणून म्हणतो, माझी भीड धरू नका."

ग्रेसवहिनी म्हणजे त्यांची पत्नी. घरात पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया झाली होती, आणि तेव्हापासून त्या खाली उतरत नसत. एवढंच मला माहीत होतं. त्यांच्या लॅपटॉपवर दुसऱ्यांदा करून का चालणार नाही, हे कुणीही विचारलं असतं. मी "हो" म्हणालो.

एकदा ते मला मुनिरक्याला घेऊन गेले. माझा भाचा निखिल तिथं शिकायला आहे, एका गल्लीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहतो. त्याचा लॅपटॉप खेळांसाठीचा, तगडा. मी नको नको म्हणत होतो. पण नको म्हणायला लागणारे शब्द माझ्याजवळ कधीच वेळेवर नसतात. मेट्रोत साळव्यांनी समोरच्या मुलीच्या मांडीवरचा लॅपटॉप इतका वेळ न्याहाळला की ती उठून बायकांच्या डब्यात गेली.

निखिलला हे प्रकरण आवडलं. त्यानं स्वतःच आकडे भरले आणि पडदा थेट नव्वदवर नेला. "अंकल, ये देखो! नव्वद! एकदम मख्खन, यार!"

साळव्यांनी खिडकी दोनदा फिरवली. "नव्वद रिजेक्ट."

"रिजेक्ट? काका, लोक नव्वदसाठी मरतात."

"मरू देत. पंचाहत्तर कर."

निखिलनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या पालीकडे बघितलं. जिना उतरताना तो हळूच म्हणाला, "मामा, जास्त मिळत असताना कमी मागणारा माणूस मी दिल्लीत पहिल्यांदा बघितला. यांना नक्की हवंय काय?" मी म्हणालो, "पंचाहत्तर." आणि साळवे पुढून ओरडले, "दिघे, नव्वदला तुम्हाला कसं वाटलं? खरं सांगा हं."

"जरा जास्तच," मी म्हणालो.

"बरोबर!" भर गल्लीत त्यांनी माझा हात हातात घेतला. मोमोवाल्यासमोर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मीनाचा लॅपटॉप.

मीना शाळेतल्या मुलांना घरून गणित शिकवते. लॅपटॉपवर. साळवे आले, म्हणाले, मीनाताईंच्या लॅपटॉपचा पडदा आणि ग्रेसच्या लॅपटॉपचा पडदा एकाच जातीचा आहे, तेव्हा शेवटची तालीम यावरच. मीनानं माझ्याकडे बघितलं. मी त्यावेळी नाही म्हणायचं होतं. साळव्यांनी मागचा पोर्च छाटला, आणखी छाटला, बटण दाबलं, आणि पडदा काळा झाला.

"घाबरू नका. पंधरा सेकंद थांबा. आपण काही दाबलं नाही तर तो आपोआप जुन्यावर येतो."

आम्ही तिघं त्या काळ्या पडद्यासमोर उभे राहिलो. पंधरा सेकंद गेले. आणखी पंधरा गेले. पडद्यात आमची तिघांची तोंडं दिसत होती, त्यातलं मीनाचं मला बघवत नव्हतं.

"तुम्ही काही दाबलंत का?" तिनं विचारलं.

"सवयीनं 'ठेवा' दाबलं गेलं बहुतेक," साळवे म्हणाले. "आधीच्या तीन वेळा बरोबर आलं होतं ना."

वर्गाची वेळ झालीच होती. साळवे धावत घरी जाऊन एक केबल घेऊन आले आणि त्यांनी लॅपटॉप आमच्या हॉलमधल्या टीव्हीला जोडला. त्यानंतर लॅपटॉप दुरुस्त होईपर्यंत मीना हॉलमध्ये उभी राहून शिकवत होती, भिंतीएवढी मुलं तिच्यासमोर बसलेली होती, आणि मी टॉवेल गुंडाळून बाथरूममधून खोलीत जाताना एक मुलगी म्हणाली, "मॅम, पीछे अंकल हैं."

लॅपटॉप शेवटी साळव्यांनीच ठीक केला, सिस्टीम अर्धवट सुरू करून जुने आकडे पुसून. नंतर योग्य आकडे घालून पंचाहत्तरही केला. "पास!" म्हणाले. मीना ते गेल्यावर बोलली.

"अहो, मला एक सांगा. तुम्हाला खरंच फरक दिसतो?"

"नाही."

"कधीच?"

"नाही."

"मग त्या बिचाऱ्या माणसाला सांगून टाका ना! तो तुमच्या जिवावर उद्या बायकोचा लॅपटॉप खोलणार आहे. त्यांना वाटतंय, दिघेसाहेब बघतायत. आणि दिघेसाहेब भिंत बघतायत."

हे मी तिच्याकडून आयुष्यात ऐकलेलं सगळ्यात खरं वाक्य होतं, आणि मला राग आला. कुणाचा, ते मी तेव्हा ठरवलं नाही.

रविवारी साळवे चर्चमधून परतल्यावर अर्ध्या तासानं मी खाली त्यांच्याकडे गेलो. साळव्यांच्या अंगात अजून कोट होता. "बरं झालं आलात," ते म्हणाले. "आत्ताच केलाय. तुमच्याचकडे येणार होतो." टेबलावर ग्रेसवहिनींचा लॅपटॉप उघडा होता. वहिनी आत पलंगावर आडव्या झाल्या होत्या. हॉलच्या कोपऱ्यात एक वॉकर उभा होता, त्याच्यावर इस्त्रीचे कपडे टाकलेले.

ते मला खुर्ची ओढून देत होते आणि मी उभ्याउभ्या म्हणालो, "साळवे, मला फरक दिसत नाही."

"अजून काही दाखवलंच कुठं?"

"नाही, तसं नाही. कधीच दिसला नव्हता."

"मीनाताईंच्या लॅपटॉपवर?"

"नाही."

"मुनिरक्याला? नव्वदला तुम्ही म्हणालात, जरा जास्तच."

"तिथंही नाही. मी आपलं म्हणालो."

साळवे खाली बसले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, कोटाच्या बाहीनं पुसला, आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हणजे मग आता कुणाला विचारू?"

मी कुणाला फारसे प्रश्न विचारत नाही. त्या दिवशी विचारला. "साळवे, तुम्हाला हे कशासाठी हवंय?"

त्यांनी आतल्या दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली केला.

"पंगतीला पंचवीस पानं आहेत आणि साठ लाडू. कसे वाढाल?"

"कुणाला दोन, कुणाला तीन."

"भांडणं लागणार. पंचाहत्तर असले तर?"

"प्रत्येकी तीन."

"आणि नव्वद आणलेत तरी परत भांडणं. पन्नास चालले असते, पण पन्नासवर हिचा पडदा लुकलुकतो. आपल्याकडच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटीत सेकंदाला पंचवीस चित्रं असतात, दिघे. साठच्या पडद्यावर त्यातलं एक चित्र दोनदा दिसतं, पुढचं तीनदा. म्हणून चालणारा माणूस अडखळल्यासारखा दिसतो."

हे सगळं ज्या कॅसेटसाठी चाललं होतं ती नगरची होती. ग्रेसवहिनींचा भाऊ आखातातून कॅमेरा घेऊन आला होता आणि चर्चच्या आवारातल्या मेळ्यात त्यानं दिसेल ते टिपलं होतं. त्यात वहिनी होत्या, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातल्या. साळव्यांनी ती कॅसेट दुकानात देऊन लॅपटॉपवर उतरवून आणली. शस्त्रक्रियेनंतर बायकोला जरा बरं वाटावं म्हणून तिच्यासमोर लावली.

"तिला लहानपणी पोलिओ झालेला. डावा पाय," साळवे म्हणाले. मला हे माहीत नव्हतं. एकाच इमारतीत राहून इतकी वर्षं मी वहिनींना लिफ्टमध्ये उभ्याच पाहिल्या होत्या. "तिनं स्वतःला चालताना कधी बघितलंच नव्हतं. बघितलं, आणि म्हणाली, 'अहो, मी अशी चालायचे? एवढी?' आणि झाकण लावून टाकलं. फिजिओवाला येतो, म्हणतो, उठा ताई, पूर्वीसारखं चालायचंय. ही म्हणते, पूर्वीसारखं म्हणजे तसं ना? मग नको. तेव्हापासून तो वॉकर तिथं आहे."

मी वॉकरकडे बघितलं नाही.

"तिची चाल तिची आहे, ते मला मान्य आहे," साळवे म्हणाले. "पण त्यात लॅपटॉपवाल्यानं स्वतःची भर का घालावी? तेवढी मी काढून टाकतोय. एकदाच ती बघायला तयार होईल. तेव्हा जर परत अडखळलं…"

"मग तुम्हीच बघा ना. तुम्हाला तर दिसतं."

"खिडक्या फिरवून दिसतं. तिचं नाही दिसत." ते ओशाळल्यासारखे हसले. "ज्यानं पीस बनवला त्यानं तो पास करायचा नाही, हा आमच्याकडचा नियमच आहे. आणि दुसरं असं, की मला ती कधी अडखळताना दिसलीच नाही. साठवर नाही, पंचाहत्तरवर नाही. कॅमेऱ्याशिवायही नाही. माझे डोळे या कामाला बाद आहेत."

त्यांनी लावलं. आधी साठवर, मग पंचाहत्तरवर. मातीचं आवार, कागदी पताका, आणि अबोली रंगाच्या साडीतली एक बारीक मुलगी हातात ट्रे घेऊन गर्दीतून येते आहे. डाव्या पायावर ती खाली जाते, उजव्यावर वर येते. मी इतके महिने त्या माणसाच्या पडद्यांकडे बघत होतो, पण बघितलं त्या दिवशीच.

"खरं सांगा हं," साळवे म्हणाले. या वेळी अगदी हळू.

"मला नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो. "दुसऱ्या वेळी बरं वाटलं. पण तुम्ही शेजारी बसलात म्हणून वाटलं असेल."

"बरं."

"पण एक दिसलं. ट्रे हलत नाही."

"काय?"

"त्यांच्या हातातला ट्रे. त्या खालीवर होतायत, ट्रे होत नाही. बघा. सरळ रेषेत येतो."

साळवे पडद्याच्या इतके जवळ गेले की मला काही दिसेना.

"कोकम सरबत होतं त्यात," मागून आवाज आला. "काठोकाठ भरलेले पेले. एक थेंब सांडला नव्हता मी."

ग्रेसवहिनी आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. एक हात चौकटीला, दुसरा भिंतीला. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. साळवे असे उठले की खुर्ची पडली. ती उचलून, कोटानं झटकून ते वहिनींकडे घेऊन निघाले.

"खुर्ची राहू द्या," वहिनी म्हणाल्या. चौकट सोडून त्यांनी डावा पाय हॉलमध्ये टाकला. "अहो, परत लावा."